‘व्यायाम जमेल का?’ ही ज्येष्ठांची खात्री मोजायची कशी: नागपुरात पहिल्यांदा हे काम करणाऱ्यांसाठी

फिजिओथेरपी, नर्सिंग, समाजकार्य नाहीतर गृहविज्ञान शिकणारं कुणी ना कुणी दरवर्षी हा विषय घेतं आणि दरवर्षी तेच प्रश्न घेऊन येतं. प्रश्नावली कोणती घेऊ? मराठीत कशी आणू? आजी प्रत्येक प्रश्नाला ‘दहा लिहून टाक ना बाळा’ म्हणतात, त्याचं काय करू? मी या वाटेने गेले आहे आणि माझ्या मागून आलेल्यांनाही धडपडताना पाहिलं आहे, म्हणून हे क्रमाने लिहिते. ज्येष्ठ नागरिक मंडळात सकाळचा व्यायामवर्ग चालवणाऱ्यांनाही यातलं बरंच कामी येईल. त्यांनी फक्त परवानग्यांचा भाग सोडून पुढे जावं.

१. आधी नेमकं काय मोजायचं ते ठरवा

‘व्यायाम करता का?’ ही सवय झाली. ‘करावासा वाटतो का?’ ही इच्छा. ‘खुर्चीवरून हात न टेकता उठता येतं का?’ ही ताकद. आपल्याला यातलं काहीच मोजायचं नाही. आपला प्रश्न असा आहे: अडचण आली तरी मी व्यायाम करू शकेन, असं या माणसाला स्वतःबद्दल किती वाटतं?

‘सेल्फ-एफिकसी’ नावाची ही कल्पना मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ साली मांडली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ही खात्री चार ठिकाणांहून येते: स्वतः करून जमल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच दुसऱ्याला जमताना पाहणं, विश्वासातल्या माणसाचं सांगणं, आणि त्या वेळी शरीर-मन काय सांगतंय ते. ही चार ठिकाणं लक्षात ठेवा, शेवटच्या पायरीत लागतील. दुसरी गोष्ट म्हणजे ही खात्री कामागणिक बदलते. रोज तासभर चालणाऱ्या काकांना जमिनीवर बसून उठण्याची अजिबात खात्री नसते. त्यामुळे ‘तुमचा एकूण आत्मविश्वास किती?’ असं विचारून हाती काही लागत नाही. कोणता व्यायाम, किती वेळ, आठवड्यातून किती वेळा, हे प्रश्नातच असलं पाहिजे.

२. साधन निवडा, पण उगाच नवं बनवू नका

ज्येष्ठांसाठी सर्वांत सोयीची प्रश्नावली म्हणजे ‘सेल्फ-एफिकसी फॉर एक्सरसाइज स्केल’, थोडक्यात एसईई. अमेरिकेतल्या वृद्धसेवा क्षेत्रातल्या परिचारिका आणि संशोधक बार्बरा रेझनिक यांनी लुईझ जेनकिन्स यांच्यासोबत ती २००० साली प्रसिद्ध केली. वृद्धांच्या एका निवासी वसाहतीतल्या १८७ जणांवर ती तपासली होती आणि प्रश्नांची आपसातली सुसंगती दाखवणारा क्रॉनबॅक अल्फा ०.९२ आला होता.

प्रश्न नऊच आहेत. आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी २० मिनिटं व्यायाम करण्याची तुम्हाला किती खात्री आहे, जर… आणि पुढे नऊ अडचणी: हवामानाचा त्रास, कंटाळा, व्यायाम करताना दुखणं, एकट्याने करावं लागणं, मजा न येणं, इतर कामांची गर्दी, थकवा, ताण आणि उदासी. प्रत्येकाला ० ते १० पैकी आकडा द्यायचा. ० म्हणजे मुळीच खात्री नाही, १० म्हणजे पूर्ण खात्री.

पडण्याची भीती हा तुमचा विषय असेल तर मात्र हे साधन चुकीचं. त्यासाठी ‘फॉल्स एफिकसी स्केल इंटरनॅशनल’ घ्या. त्यात १६ प्रश्न असतात, गुण १६ ते ६४, आणि इथे जास्त गुण म्हणजे जास्त काळजी. तोल सांभाळण्याची खात्री पाहायची असेल तर ‘एबीसी’ (अ‍ॅक्टिव्हिटीज-स्पेसिफिक बॅलन्स कॉन्फिडन्स) ही १६ प्रश्नांची, टक्क्यांत उत्तर मागणारी प्रश्नावली आहे. बऱ्याच प्रबंधांत ही तिन्ही नावं एकमेकांच्या जागी वापरलेली दिसतात आणि तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक नेमकं तिथेच पकडतात.

मार्गदर्शक हमखास विचारतील: जागतिक आरोग्य संघटना तर २०२० पासून ६५ वर्षांवरच्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते, मग तीनदा २० मिनिटं का? उत्तर सरळ आहे, ती प्रश्नावलीची मूळ चौकट आहे. ती बदलली की प्रश्नावली वेगळी होते आणि तुमच्या आकड्यांची इतरांशी तुलना करता येत नाही. बदलायचीच असेल तर बदलल्याचं ठळक लिहा आणि सुसंगती, पुनर्चाचणी सगळं नव्याने तपासा. पदव्युत्तर प्रबंधाच्या वेळेत हे बसवणं कठीण जातं.

३. कागदपत्रं

हे सगळं पहिल्या माणसाला भेटण्याआधी हातात हवं:

- प्रश्नावलीच्या मूळ लेखकांची वापराची आणि भाषांतराची परवानगी. ईमेल चालतो, पण छापून फाइलला लावा.
- संस्थेच्या नैतिकता समितीचं मान्यतापत्र. समितीची बैठक रोज भरत नाही. तारीख आधी विचारा आणि त्याप्रमाणे आपलं वेळापत्रक आखा.
- माहितीपत्रक आणि संमतीपत्र, मराठीत आणि हिंदीत, मोठ्या टायपात. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ते वाचून दाखवायचं, अंगठा घ्यायचा आणि ज्याचा तुमच्या अभ्यासाशी संबंध नाही अशा साक्षीदाराची सही घ्यायची. आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतात. तुमची मैत्रीण साक्षीदार म्हणून चालत नाही.
- मंडळाच्या, उद्यानसमितीच्या किंवा वृद्धाश्रमाच्या अध्यक्षांचं परवानगीपत्र. तोंडी ‘या ना, केव्हाही या’ यावर विसंबू नका. कार्यकारिणी बदलली की नव्या अध्यक्षांना तुम्ही कोण हेच ठाऊक नसतं.
- नुसतं मोजायचं नसून व्यायामाचा कार्यक्रमही घ्यायचा असेल, तर पहिला सहभागी घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांच्या भारतीय नोंदवहीत, नोंदणी. नंतर केलेली नोंदणी बरीच नियतकालिकं मानत नाहीत.

पिशवीत काय ठेवायचं तेही सांगते. रक्तदाब यंत्र, स्टॉपवॉच, मोजपट्टी, क्लिपबोर्ड, वाचायचा जास्तीचा चष्मा, पाण्याची बाटली, दहा चिंचोके आणि एक वाटी. चिंचोक्यांचं काय ते पुढे येईलच. कुणाला चक्कर आली, छातीत दुखलं तर काय करायचं हे लिहिलेला कागदही हवा. त्यावर रुग्णवाहिकेचा १०८ आणि जवळच्या दवाखान्याचा नंबर.

४. मराठी रूप तयार करा

ठरलेली रीत अशी: दोघांनी स्वतंत्रपणे मराठीत आणायचं, दोन्ही मिळवून एक करायचं, मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या तिसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यायचं, मग जाणकारांनी बसून फरक मिटवायचे. ही रीत सगळे पाळतात, निदान कागदावर तरी. खरं काम त्यानंतर सुरू होतं आणि नेमकं तेच गाळलं जातं: पाच-सात ज्येष्ठांपुढे एकेक प्रश्न वाचायचा आणि विचारायचं, ‘काकू, मी आत्ता काय विचारलं ते तुमच्या शब्दांत सांगा.’

इथे बऱ्याच गोष्टी उघड्या पडतात. ‘व्यायाम’ म्हटलं की कुणाला दंडबैठका आठवतात, कुणाला प्राणायाम. दिवसभर घरात राबणाऱ्या आजी म्हणतात, ‘माझा तं उठल्यापासून व्यायामच सुरू राहते.’ त्या खोटं बोलत नाहीत. म्हणून सुरुवातीलाच एक वाक्य ठरवा आणि सगळ्यांना तेच वाचा: घरकाम सोडून, शरीरासाठी म्हणून मुद्दाम केलेलं चालणं, हातपायांचे व्यायाम, योगासनं वगैरे, सलग २० मिनिटं.

‘मानसिक तणाव’ आणि ‘नैराश्य’ हे शब्द महाविद्यालयात बरे. मंडळात ‘टेन्शन असेल तेव्हा’ आणि ‘मन उदास असेल, कशात लागत नसेल तेव्हा’ असं विचारलं की उत्तर मिळतं. ‘नैराश्य’ ऐकलं की एखादे काका ताठ होऊन ‘मला वेडबिड काही नाही’ म्हणतात आणि पुढचे सगळे प्रश्न बिघडतात. दुखण्याच्या प्रश्नात जुन्या वस्तीतले लोक गुडघ्याला टोंगळा म्हणतात. तुम्ही पुण्याहून किंवा कोल्हापुरातून शिकायला आला असाल तर हा शब्द पहिल्याच दिवशी पाठ करा.

नागपुरात निम्मा संवाद हिंदीत होतो, हेही विसरू नका. सिंधी, मारवाडी, छत्तीसगढी घरांतल्या ज्येष्ठांना मराठी कळते, पण ० ते १० चा हिशेब ते मनात हिंदीतच करतात. हिंदी प्रत वेगळी करा. प्रश्न विचारता विचारता जाग्यावर भाषांतर करायचं नाही. तसं केलं की दर माणसागणिक प्रश्न वेगळा होतो.

शेवटी पुनर्चाचणी. त्याच लोकांना साधारण दोन आठवड्यांनी तेच प्रश्न विचारा. आधी गेलात तर त्यांना पहिलं उत्तर आठवतं, फार उशीर केलात तर खात्रीच बदललेली असते.

५. दहाची पट्टी समजवा

माझ्या मते सगळ्यात जास्त आकडे या पायरीवर वाया जातात, म्हणून इथे जरा थांबते.

शाळेत गुण मिळवलेल्या माणसाला ‘दहापैकी किती?’ हा परीक्षेचा प्रश्न वाटतो. मग कमी सांगणं म्हणजे नापास होणं. शाळा न पाहिलेल्या आजींना तो प्रश्नच वाटत नाही, त्या समोरच्या पोरीचं भलं व्हावं म्हणून दहा सांगतात. दोघांनाही आधी सराव द्या. बँडुरांनी २००६ साली अशा प्रश्नावल्या कशा बनवाव्यात यावर जे लिहिलं, त्यात वजन उचलण्याचा सराव सुचवला आहे. तो इथल्या घरात असा बसतो:

‘एक किलो साखरेची पुडी उचलू शकाल याची किती खात्री?’ दहा.
‘दहा किलो तांदळाची पिशवी?’ पाच, सहा, माणसागणिक.
‘पन्नास किलोचं गव्हाचं पोतं?’ हसतात आणि शून्य म्हणतात.

त्या हसण्यातच पट्टी कळलेली असते. पोत्यालाही कुणी दहा म्हणालं तर पुढे जाऊ नका, पुन्हा समजवा. तरीही दहाच आलं तर तशी नोंद करा आणि नंतर विश्लेषणात या नोंदी वेगळ्या काढून पाहा.

आकडा तोंडी सांगणं जड जात असेल तर चिंचोके काढा. ‘पूर्ण खात्री असेल तर दहाही वाटीत टाका, मुळीच नसेल तर एकही नको.’ चौकटीवर खूण करण्यापेक्षा हे खूप सोपं जातं, शिवाय हात अडखळला की माणूस विचार करतोय हे तुम्हाला दिसतं. रुपयाची नाणी मात्र वापरू नका. वाटीतली नाणी परत करायची की ठेवायची यावर दहा मिनिटं जातात. ज्यांना तुम्ही चिंचोके दिले त्यांची नोंद ठेवा. दोन पद्धतींची उत्तरं एकत्र करण्यापूर्वी त्यांच्यात फरक पडतो का ते बघावं लागेल.

६. माणसं कुठे शोधायची

सोपा मार्ग सगळ्यांना माहीत आहे: सकाळी साडेपाचला अंबाझरी, ट्रॅफिक पार्क, सेमिनरी हिल्स किंवा फुटाळ्याला जायचं. तासाभरात भरपूर अर्ज भरून होतात. पण तिथे भेटणारा प्रत्येक जण आधीच व्यायामाला आलेला असतो. त्यांना ‘व्यायाम करू शकाल का’ विचारून आठ-नऊ आकडे आले, तर तुम्ही नागपूरचे ज्येष्ठ मोजले नाहीत, अंबाझरीचे फिरणारे मोजले.

घरातच असलेले लोक हवेत. महाल, इतवारी, पाचपावली, इंदोरा इथल्या गल्ल्यांत जा. तिथे बऱ्याच घरांपासून उद्यान लांब आहे, वाटेत गाड्या आणि कुत्री आहेत, आणि बायकांना एकटीने फिरायला जाणं घरातूनच अवघड केलेलं असतं. मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागातही परवानगी घेऊन बसता येतं, फक्त तिथला माणूस दुखणं घेऊन आलेला असतो, म्हणून दुखण्याच्या प्रश्नाचा आकडा तिथे वेगळा येणारच. काही उद्यानातले, काही वस्तीतले, काही बाह्यरुग्ण विभागातले असे घ्या आणि कोण कुठला ते प्रत्येक अर्जावर लिहा.

वयाची अट ६० ठेवा. आपल्या २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात तेच वय आहे. स्मरणशक्तीची चाळणी लावायची असेल तर न शिकलेल्यांसाठी ‘हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन’ बरी पडते, कारण नेहमीच्या चाचणीतले लिहा-वाचायचे प्रश्न त्यांना उगाच स्मरणशक्ती कमी असलेले ठरवून बाहेर काढतात.

७. प्रत्यक्ष विचारताना

एकट्याला विचारा. हे लिहायला सोपं, करायला महाकठीण आहे. दोन खोल्यांच्या घरात सून चहा घेऊन येते आणि उत्तरही घेऊन येते: ‘आई कुठे जाते हो फिरायला, कंटाळा करते.’ मुलगा बाजूला असेल तर वडील आकडा वाढवून सांगतात. सासूला सुनेपुढे थकवा कबूल करायचा नसतो. घरच्यांना काहीतरी काम द्या. तुमची मैत्रीण बाहेरच्या खोलीत त्यांना माहितीपत्रक समजावत बसली तरी पुरतं.

संबोधन सांभाळा. धरमपेठेतल्या निवृत्त अधिकाऱ्यांना ‘सर’ आवडतं, वस्तीत ‘काका-काकू’, वय जास्त असेल तर ‘आजी-आजोबा’. ‘आबाजी’ म्हणून हाक मारली की काही जण एकदम मोकळे होतात. कुणालाही ‘पेशंट’ म्हणू नका.

प्रश्न वाचताना तुमचा सूर आणि मान दोन्ही स्थिर हवीत. आकडा मोठा आला की ‘अरे वा’ म्हणायचं नाही. आला छोटा, तर ‘असं कसं काकू’ही नाही. पहिल्या दोन प्रश्नांत माणसाला कळतं की तुम्हाला काय ऐकायचं आहे.

नेहमी येणारी उत्तरं आणि त्यावर काय करायचं:

‘देवाच्या कृपेने होऊन जाईल.’ मान द्या आणि पुन्हा विचारा: ‘हो आजी, पण तुम्हाला स्वतःला किती वाटतं, दहापैकी?’

‘करायलाच पायजे ना, डॉक्टरांनी सांगितलं.’ हे कर्तव्य झालं. ‘करायला पाहिजे ते खरं, पण त्या दिवशी जमेल याची खात्री किती?’

‘मी तं रोजच जातो.’ ही सवय. ‘समजा उद्या सोबतीला कुणीच नाही, तरी जाल याची खात्री?’

‘मला टेन्शनच नाही.’ हा प्रश्न सोडायची घाई करू नका. ‘कधी आलंच तर?’ असं विचारा. तरीही उत्तर नसेल तर रिकामं ठेवा, शून्य लिहू नका. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दुखण्याच्या प्रश्नाबद्दल एक सावधगिरी. ‘दुखलं तरी करीन, दहा’ हे उत्तर प्रत्येक वेळी चांगलं नसतं. टोंगळ्याची जुनी कुरबूर आणि छातीतली कळ या एका पट्टीवरच्या गोष्टी नाहीत. आकडा लिहून झाल्यावर एवढं नक्की सांगा: छातीत दुखलं, दम लागून बोलता येईना, डोळ्यांपुढे अंधारी आली तर व्यायाम थांबवायचा. हे सांगितल्याने पुढच्या मोजणीत फरक पडेल अशी भीती काहींना वाटते. पडू द्या, फक्त सगळ्यांना सारखंच सांगा.

उदासीच्या प्रश्नावर कुणी रडू लागलं तर प्रश्नावली बाजूला ठेवा. ऐकून घ्या. ज्येष्ठांसाठीचा मदत क्रमांक १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हे दोन्ही माहितीपत्रकावर छापलेले असू द्या.

८. नागपूरचा उन्हाळा

नऊपैकी पहिलाच प्रश्न हवामानाचा आहे, आणि मूळ प्रश्नावली जिथे बनली तिथे ४५ अंशांच्या पुढचा मे महिना नसतो. डिसेंबरात सकाळी शाल पांघरून बसलेल्या आजोबांना ‘हवामानाचा त्रास असेल तेव्हा’ म्हटलं की त्यांना थंडी आठवते आणि ते आठ म्हणतात. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, त्याच आजोबांना विचारा, कूलरसमोरून उठायचं नाव नसतं. जुलैत तिसरंच, कारण तेव्हा चिखल, शेवाळ आणि घसरून पडायची भीती.

त्यामुळे सगळी मोजणी एकाच ऋतूत उरका. फेब्रुवारीत पूर्वचाचणी आणि मेमध्ये उत्तरचाचणी असा आराखडा केलात, तर तुमचा व्यायामवर्ग कितीही चांगला असो, आकडा उन्हाने खाली ओढलेला असेल आणि तुम्ही त्याचं खापर वर्गावर फोडाल. ते टाळता येत नसेल तर व्यायाम न करणारा तुलनेचा गट हवा, म्हणजे ऊन दोघांनाही सारखं लागेल. प्रत्येक अर्जावर तारीख, वेळ आणि त्या दिवसाचं कमाल तापमान लिहायची जागा ठेवा.

मेमध्ये जायचंच असेल तर सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर. भर दुपारी कुणाचं दार वाजवू नका, त्यांच्यासाठी आणि तुमच्यासाठीही.

९. सोबत पायांचीही परीक्षा घ्या

नुसत्या खात्रीवर थांबू नका. अर्ध्या मिनिटाची खुर्ची-चाचणी सोबत लावा. साधारण ४३ सेंटिमीटर उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, हात छातीवर फुलीसारखे, आणि ३० सेकंदांत पूर्ण उभं राहणं किती वेळा होतं ते मोजायचं. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या तक्त्याप्रमाणे ६५ ते ६९ वयात पुरुषांना १२ पेक्षा कमी आणि स्त्रियांना ११ पेक्षा कमी जमलं तर ते सरासरीखाली धरतात. हे आकडे तिथले आहेत. इथे ते दिशा दाखवण्यापुरते वापरा, कुणाला ‘कमजोर’ ठरवायला नकोत. प्लॅस्टिकची खुर्ची वापरू नका, ती सरकते. चाचणीआधी रक्तदाब बघा, आणि माणूस उठताना तुम्ही बाजूला उभं राहा.

हे का? खात्री नऊ आणि उठबस पाच, असा माणूस पडण्याची भीती असते. उलट खात्री तीन आणि उठबस चौदा, अशा काकूंना व्यायाम शिकवायची गरजच नाही, त्यांना फक्त एकदा करून पाहायला लावायचं असतं. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की कुणासाठी काय करायचं ते कळतं.

१०. आकडेमोड

सगळ्या उत्तरांची बेरीज करा आणि जितक्या प्रश्नांना उत्तर दिलं तितक्याने भागा. एका प्रश्नाचं उत्तर राहिलं असेल तर आठने. किती उत्तरं राहिलेली चालतील हे आधीच ठरवून आराखड्यात लिहा.

आता सरासरीचा फसवेपणा बघा. समजा एकीची उत्तरं अशी: हवामान ३, कंटाळा ८, दुखणं २, एकटीने ९, मजा न येणं ७, कामं ८, थकवा ५, ताण ८, उदासी ७. बेरीज ५७, सरासरी ६.३. दुसरीची ६, ६, ७, ६, ६, ७, ६, ६, ७. बेरीज ५७, सरासरी तीच. प्रबंधाच्या तक्त्यात या दोघी अगदी सारख्या दिसतात. पण पहिलीला टोंगळ्याचा इलाज आणि घरातल्या घरात करता येतील असे व्यायाम दिले की काम झालं, तर दुसरीला कोणतीच अडचण ठळक नाही आणि तिच्याशी अजून बोलावं लागेल. निदान या विषयात तरी सरासरीपेक्षा नऊ प्रश्नांचे नऊ आकडे जास्त बोलतात. प्रत्येक प्रश्नाची सरासरी वेगळी छापा. मार्गदर्शक ‘तक्ता लांब होतो’ म्हणतील, तेव्हा हे उदाहरण दाखवा.

बाकी तपासण्या थोडक्यात. अल्फा ०.७ च्या वर हवा. १५ टक्क्यांपेक्षा जास्त लोक अगदी वरच्या किंवा अगदी खालच्या टोकाला असतील तर पट्टी त्यांच्यासाठी अपुरी पडते आहे, तसं लिहा. ‘जास्त खात्री’ आणि ‘कमी खात्री’ असे दोन गट पाडायचा मोह आवरा, प्रश्नावलीत तशी ठरलेली सीमारेषा नाही.

व्यायामवर्ग घेत असाल तर आणखी एक. पहिल्या काही आठवड्यांत आकडा घसरलेला दिसू शकतो. सुरुवातीला माणसाने अंदाजाने मोठा आकडा दिलेला असतो, आणि प्रत्यक्ष घाम गाळला की तो खरं बोलू लागतो. म्हणून फक्त आधी आणि नंतर न मोजता, दोन-तीन आठवड्यांनी मध्ये एकदा मोजा आणि पुढचा फरक तिथून पाहा.

११. निकाल परत न्या

मंडळात जाऊन सांगा, नावं न घेता. ‘आपल्या मंडळात दुखण्याच्या आणि उन्हाच्या प्रश्नाला सर्वांत कमी आकडे आले’ एवढं म्हटलं तरी चर्चा सुरू होते आणि उपाय तेच सुचवतात: उन्हाळ्यात मंडळाच्या सभागृहात पंख्याखाली वर्ग, शेजारच्या दोघींनी मिळून चालणं.

इथे बँडुरांची ती चार ठिकाणं काढा. दुखण्याचा आकडा कमी असेल तर पाच मिनिटांपासून सुरुवात, म्हणजे जमल्याचा अनुभव येईल. एकटीने करण्याचा कमी असेल तर तिच्याच वयाची, तिच्याच गल्लीतली सोबतीण गाठून द्या. पंचविशीतल्या प्रशिक्षिकेला पाहून सत्तरीच्या आजींची खात्री वाढत नाही. कंटाळ्याला भजनाची साथ चालते, थकव्याला वेळ बदलून बघावी.

वैयक्तिक आकडा मागितला तर ज्याचा त्यालाच, बाजूला घेऊन सांगा. मुलाने फोनवर विचारला तरी नाही. भरलेले अर्ज नावाची यादी वेगळी करून कुलपात ठेवा, आणि यादी कधी नष्ट करायची ती तारीख संमतीपत्रात लिहिलेली असते, ती पाळा. मंडळाला द्यायची एक पानी प्रत मराठीतच करा, आणि ती फलकावर लावायच्या आधी अध्यक्षांना वाचून दाखवा.